मुलांना शरीराची ओळख करून देणारे सॉफ्टवेअर : पडद्यावर काय दिसते आणि काय झाकले जाते

लहान मुलांना मानवी शरीराची ओळख करून देणारी सॉफ्टवेअर्स आणि मोबाइलवरील अ‍ॅप्स आज मुबलक उपलब्ध आहेत. पडद्यावर बोट ठेवले की हृदय धडधडते, फुप्फुसे फुगतात, खाल्लेला घास अन्ननलिकेतून घरंगळत जठरात पडतो. ही मुलांना द्यावीत का, कोणत्या वयात द्यावीत आणि त्यांतून मुले खरोखर काही शिकतात का, असे प्रश्न धर्मग्रामांतील तरुण पालक व शिक्षक वारंवार विचारत असतात. या प्रश्नांचा येथे थोडा सविस्तर विचार करावा असे आम्ही योजिले आहे. मात्र हा विचार शहरातील दिवाणखान्यात बसून न करता, रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, महाड-पोलादपूरच्या डोंगराळ मुलखातील वरंधसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवून करणे अधिक उचित ठरेल. जे साधन तेथे उपयोगी पडते, ते इतरत्रही पडेल.

महाडहून भोरकडे जाणारा रस्ता बिरवाडी मागे टाकून वरंधपाशी येतो व पुढे घाट चढू लागतो. या परिसरातील वाड्या-वस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या लहान लहान शाळा आहेत. एक वा दोन शिक्षक, त्यांच्यापुढे चार-पाच इयत्ता एकत्र बसलेल्या, असे दृश्य येथे नवे नाही. पावसाळ्यात वीज जाते, डोंगराच्या घडीत मोबाइलची रेंज सापडत नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांकडे निघतात आणि मुले त्यांच्यासोबत जातात. अशा ठिकाणी सॉफ्टवेअरची चर्चा हा चोचलेपणा आहे, असे कोणास वाटेल. पण मोबाइल आता वाडीवरही पोहोचला आहे, तो मुलांच्या हातीही आहे आणि त्यात शरीराविषयी काय दिसते हे पाहण्यास घरात कोणास सवड नाही. तेव्हा हा प्रश्न त्यांचाही आहे.

प्रथम या साधनांचा इतिहास थोडक्यात पाहू. १९९० च्या दशकात घरगुती संगणकांबरोबर सीडी आली आणि चित्र, आवाज व हालचाल एकत्र आणणे शक्य झाले. १९९४ साली डॉर्लिंग किंडर्सली या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेने मानवी शरीरावरील आपली सीडी काढली. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ‘मॅजिक स्कूल बस’ या लोकप्रिय बालपुस्तकमालेवर आधारलेली सीडी बाजारात आणली. तिची कल्पना मोठी गमतीदार आहे : शाळेची बस आक्रसून इवलीशी होते आणि बाईंसह सारा वर्ग आपल्याच एका वर्गमित्राच्या पोटात फेरफटका मारून येतो. पुढे स्पर्शाने चालणारे पडदे आले. न्यूयॉर्कच्या टायनीबॉप कंपनीने २०१३ साली काढलेल्या अ‍ॅपमध्ये पानभर मजकूर जवळजवळ नाहीच. मूल शरीराला खाऊ घालते आणि पुढे काय होते ते पाहते. आपल्या इकडे अझीम प्रेमजी फाउंडेशनने २००० नंतरच्या दशकात सरकारी शाळांसाठी मराठीसह अनेक भारतीय भाषांत शैक्षणिक सीडी तयार करून घेतल्या. महाराष्ट्रात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड घालून धड्याला चित्रफीत जोडण्याचा प्रयोग केला. ती पद्धत पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली आणि डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार लाभला. केंद्र शासनाचा ‘दीक्षा’ हा मंच २०१७ साली सुरू झाला. म्हणजे आज बालभारतीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकातील शरीराच्या धड्यावर मोबाइल धरला की त्या धड्याला पूरक साहित्य उघडावे, अशी ही व्यवस्था आहे. अर्थात रेंज असली तर.

रायगड जिल्ह्याने तर या बाबतीत एक मोठा प्रयोग अगदी आरंभीच पाहिला आहे आणि त्याचे विस्मरण होऊ नये असे आम्हास वाटते. प्रत्येक मुलाला स्वस्त लॅपटॉप देण्याची जी जागतिक चळवळ अमेरिकेतील निकोलस नेग्रोपोंटे यांनी उभी केली, तिचा भारतातील पहिला प्रयोग ऑक्टोबर २००७ मध्ये याच जिल्ह्यातील खैरात या लहानशा वस्तीवर झाला. धनगरवाड्यावरची ती मराठी शाळा एकशिक्षकी होती. पहिली ते चौथीची वीस-बावीस मुले एकाच खोलीत बसत. हिरवा-पांढरा, छोटेखानी लॅपटॉप प्रत्येकाच्या हाती आला. मुले तो घरी नेऊ लागली आणि त्यातील कॅमेऱ्याने घरची माणसे टिपू लागली. विशेष म्हणजे आदल्याच वर्षी, २००६ मध्ये, केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने हे लॅपटॉप शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद ठरवून नाकारले होते. मंत्रालयाचे म्हणणे साधे होते : आधी वर्ग आणि शिक्षक द्या, मग यंत्र.

पुढे काय झाले? भारतात ही चळवळ फारशी पसरली नाही. पेरू देशात ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली आणि २०१२ साली तेथील तीनशेहून अधिक ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लॅपटॉप मिळाल्याने मुलांच्या गणितात व भाषेत सुधारणा झाल्याचा पुरावा त्यात आढळला नाही. सामान्य आकलनक्षमतेत मात्र काही लाभ दिसला. अझीम प्रेमजी फाउंडेशननेही स्वतःच्या अनुभवावरून जवळपास हेच जाहीरपणे मांडले. संस्थेतर्फे अनुराग बेहार यांनी २०१० साली ‘मिंट’ या वृत्तपत्रात लिहिले, त्याचा आशय असा की तंत्रज्ञान हे फार तर दुय्यम साधन आहे आणि त्याच्या मोहात मूळ प्रश्न बाजूला पडतो. ज्या संस्थेने स्वतः एवढ्या सीडी काढल्या, तिने असे म्हणावे, याचे मोल आम्हास मोठे वाटते.

मग ही साधने निरुपयोगी आहेत काय? नाही. शरीराच्या बाबतीत तर त्यांची एक खास उपयुक्तता आहे. आपल्या आत काय चालले आहे हे मुलाला कधीच दिसत नाही. पुस्तकातील चित्र स्थिर असते. त्यात जठर आणि आतडी शेजारी शेजारी ठेवलेली दिसतात, पण एकातून दुसऱ्यात काय जाते हे चित्र दाखवीत नाही. आणि मुलांची अडचण नेमकी तेथेच असते. मुलांना कागदावर शरीराची बाह्यरेखा काढून द्यावी व आत काय आहे ते काढण्यास सांगावे, अशी एक पद्धत संशोधक वापरतात. ब्रिटनमधील मायकेल रीस व स्यू डेल टनिक्लिफ यांनी इतर देशांतील सहकाऱ्यांसह ११ देशांतील मुलांची अशी चित्रे तपासून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुटे अवयव मुलांना बऱ्यापैकी ठाऊक असतात. हृदय असते, हाडे असतात, पोट नावाची पिशवी असते. पण ते एकमेकांशी जोडलेले नसतात. अन्ननलिका मध्येच संपते, हाडे सांध्यावाचून तरंगतात. आपल्या मुंबईत, मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही जयश्री रामदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी शालेय विद्यार्थी पचनसंस्था व इतर संस्था चित्रांतून आणि शब्दांतून कशा समजून घेतात, याचा अनेक वर्षे अभ्यास केला आहे. ज्यांच्या घरी प्राथमिक शाळेतील मूल आहे, त्यांनी हा कागदाचा प्रयोग एका रविवारी दुपारी अवश्य करून पाहावा. पाच मिनिटे लागतात.

चांगले सॉफ्टवेअर हा तुटलेला दुवा सांधू शकते. घास चावला, गिळला, जठरात घुसळला गेला, लहान आतड्यात त्याचा रस झाला, तो रक्तात मिसळला, रक्ताने तो पायाच्या स्नायूपर्यंत नेला आणि म्हणून मूल धावले, अशी साखळी हलत्या चित्रात जेवढी स्पष्ट होते तेवढी शब्दांत होत नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना आमची पहिली कसोटी हीच राहील : ते केवळ अवयवांची नावे विचारते की एका अवयवाचे काम दुसऱ्याशी जोडून दाखवते? बाजारातील व मोबाइलवरील बहुसंख्य मोफत अ‍ॅप्स पहिल्या प्रकारची आहेत. ‘यकृतावर बोट ठेवा’ असे ते म्हणते, मूल बोट ठेवते, टाळ्या वाजतात, चांदणी मिळते. हे पाठांतरच झाले, फक्त रंगीत. आणि दोन खेळांच्या मध्ये जाहिराती येतात, त्या कशाच्या असतील याची शाश्वती नसते, हे वेगळेच.

पडद्यावरील शरीरातून काही गैरसमजही नकळत रुजतात. पालकांनी ते ध्यानात ठेवावेत म्हणून येथे सांगतो. शुद्ध रक्त लाल आणि अशुद्ध रक्त निळे दाखवण्याचा प्रघात आहे. तो केवळ ओळखण्याच्या सोयीसाठी असतो. पण पुष्कळ मुलांना वाटते की आपल्या शरीरात निळे रक्त खरोखरच वाहते. वस्तुतः शिरांतील रक्त गडद लाल असते. दुसरे असे की चित्रातील माणूस आपल्याकडे तोंड करून उभा असतो, त्यामुळे त्याचे डाव्या अंगाला कललेले हृदय पाहणाऱ्याला उजवीकडे दिसते. मूल तसाच उजव्या छातीवर हात ठेवते. तिसरे, भाषा. परदेशी अ‍ॅपमधील ‘लिव्हर’ ऐकलेले मूल शाळेत ‘यकृत’ वाचते आणि घरी ‘काळीज’ ऐकते. मराठीत काळीज म्हणजे हृदयही आणि खाटकाच्या दुकानातली कलेजी म्हणजे यकृतही. मुलाचा गोंधळ न झाला तरच नवल!

कलेजीवरून आठवले म्हणून सांगतो. कोकणातील खेड्यातील मूल याबाबतीत शहरी मुलाच्या पुढे असते. सणावाराला बकरे कापलेले त्याने पाहिलेले असते. कलेजी, वजडी, भेजा, पाया हे सारे त्याला नावानिशी ठाऊक असते. फुप्फुस स्पंजासारखे हलके असते आणि आतडी लांबच लांब निघतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. शिक्षकाने ‘ते बकऱ्याचे, असेच आपलेही’ एवढे म्हटले की निम्मा धडा झाला. हे ज्ञान गावंढळ समजून बाजूला सारायचे आणि मग तेच ज्ञान कार्टूनच्या रूपात विकत आणायचे, हा व्यवहार आम्हास समजत नाही.

त्याचप्रमाणे, पडदा मिटल्यावर मुलाला स्वतःच्या शरीराकडे पाठवणारे सॉफ्टवेअर आम्ही श्रेष्ठ मानू. पडद्यावर हृदय धडधडताना पाहिले, आता मनगटावर तीन बोटे ठेव आणि स्वतःची नाडी मोज. अंगणात दोन फेऱ्या धावून ये आणि पुन्हा मोज. किती वाढली? प्राथमिक शाळेतील मुलाची नाडी बसल्या जागी मिनिटाला साधारण ७० ते ११० च्या दरम्यान असते. ती धावल्यावर वाढते आणि विसावल्यावर उतरते, हे मुलाने स्वतः मोजले की ते जन्मभर विसरत नाही. आजीचे नऊवारी लुगडे सुमारे आठ मीटरचे असते. ते ओसरीवर पसरावे आणि सांगावे की मोठ्या माणसाच्या तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग साधारण एवढा किंवा याहून थोडा लांब असतो. दुधाचे दात वीस, कायमचे बत्तीस. मुलाचा कोणता पडला, कोणता यायचा आहे, हे आरशात पाहता येते. कागदाची जाड गुंडाळी करून भावंडाच्या छातीवर एक टोक व आपल्या कानाशी दुसरे धरले की ठोके ऐकू येतात. या गुंडाळीची कथाही मुलांना सांगण्यासारखी आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणे संकोचाचे वाटले. त्यांनी कागदाची गुंडाळी करून ऐकले आणि ठोके अधिकच स्पष्ट आले. स्टेथॉस्कोपचा जन्म असा झाला. लेनेक हे श्रद्धावान कॅथलिक होते. संकोच त्यांनाही वाटला, पण संकोचापायी त्यांनी तपासणी सोडून दिली नाही.

संकोचाचा विषय निघालाच आहे तर आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे येतो.

मुलांसाठीच्या शरीरविषयक सॉफ्टवेअरमध्ये डोके, छाती, पोट, हात, पाय सारे असते. कमरेखाली मात्र चित्र एकदम गुळगुळीत होते. ही आपल्याकडचीच रीत नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेतील अटलांटा येथील कंपनीने वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी ‘अ‍ॅडम’ नावाचे शरीररचनेचे सॉफ्टवेअर काढले होते. त्याच्या घरगुती आवृत्तीत आदाम आणि एवा यांच्या शरीरावर, पालकांची इच्छा असल्यास, अंजिराचे पान ठेवण्याची सोय होती! टायनीबॉपच्या अ‍ॅपमध्येही मूत्र व प्रजनन संस्था स्वतंत्र ठेवली गेली, ती पालकांनी ठरवले तरच मुलाला दिसे. यात गैर काही नाही. कोणत्या वयात काय सांगावे हे पालकांनीच ठरवायचे. परंतु पालक जेव्हा पान ठेवतात आणि नंतर स्वतःही काही बोलत नाहीत, तेव्हा मुलापाशी त्या अवयवांसाठी एक शब्दही उरत नाही. घरात लाडाचे काहीतरी नाव असते, शाळेत मौन असते आणि रस्त्यावर शिवी असते. म्हणजे स्वतःच्या शरीराच्या एका भागासाठी मुलाला ठाऊक असलेला शब्द एकतर बोबडा असतो किंवा घाण.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, याचे एक उदाहरण महाडच्याच मातीतून देता येते. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर हे तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने दाखल झालेले रुग्ण, त्यांत कितीतरी मुले, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. दंशाने हृदयावर आघात होतो हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपले. १९८२ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी धोक्याची पूर्वलक्षणे नोंदवली. पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा त्यांनी उपचारात वापर केला आणि जे मृत्यूचे प्रमाण कधीकाळी चाळीस टक्क्यांच्या घरात होते ते एक टक्क्याच्या आसपास आले. त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचाही या कार्यात वाटा आहे. २०२२ साली शासनाने डॉ. बावस्करांना पद्मश्री दिली. महाडकरांना हे सारे ठाऊकच आहे.

ती पूर्वलक्षणे कोणती? वारंवार उलट्या होणे, दरदरून घाम सुटणे, हातपाय गार पडणे, आणि मुलग्यांमध्ये व पुरुषांमध्ये जननेंद्रिय आपोआप ताठरणे. यातले शेवटचे लक्षण वाचकांनी लाजेने ओलांडून पुढे जाऊ नये. विंचू चावला आहे की काटा रुतला आहे हे मुलाला अनेकदा कळत नाही. अंधारात, भाताच्या पेंढ्यात, दगडाखाली हात गेलेला असतो. घरची माणसे विचारतात, काय होतंय? मूल घाम दाखवील, गार पडलेला हात पुढे करील. पण चौथी गोष्ट सांगण्यासाठी त्याच्यापाशी शब्द नसेल आणि ती सांगणे पाप आहे असे त्याला शिकवलेले असेल, तर ते चड्डी आवळून गप्प बसेल. ज्या लक्षणावरून डॉक्टर विषबाधा ओळखतात, तेच मूल झाकून ठेवील. जगातील उत्तमोत्तम शरीरविषयक अ‍ॅपमध्ये बर्फावरून घसरून मोडलेला हात असतो, विंचू नसतो. महाड-पोलादपूरच्या मुलांसाठी शरीराचा धडा कोणी रचलाच, तर विंचू, साप आणि पावसाळ्यातील लेप्टोचा ताप त्यात पहिल्या पानावर यायला हवेत.

दुसरे उदाहरण आपणा सर्वांना अधिक अस्वस्थ करणारे आहे. मुलांवर होणारे लैंगिक अत्याचार बहुधा ओळखीच्याच माणसाकडून होतात, हे आता सर्वज्ञात आहे. आपल्या देशात २०१२ साली यासाठी ‘पोक्सो’ हा स्वतंत्र कायदा झाला. त्यानुसार असा गुन्हा कळूनही न कळवणे हाही अपराध आहे. ज्या मुलाला आपल्या गुप्त अवयवाचे नाव उच्चारता येत नाही, ते ‘त्यांनी मला त्रास दिला’ एवढेच म्हणते आणि मोठी माणसे त्याचा अर्थ ‘अभ्यासावरून रागावले असतील’ असा लावतात. चाइल्डलाइन इंडिया फाउंडेशनने ‘कोमल’ नावाची एक छोटी अ‍ॅनिमेशन चित्रफीत काढली आहे. शेजारच्या काकांकडून त्रास झालेली एक लहान मुलगी आईला ते सांगते आणि मग सुरक्षित व असुरक्षित स्पर्श कोणता हे मुलांना समजावले जाते, असा तिचा विषय आहे. ती जेमतेम दहा मिनिटांची आहे, अनेक भारतीय भाषांत आहे, आणि तीत एकही अश्लील दृश्य नाही. आमच्या मते शरीराविषयी मुलांना दाखवण्याजोग्या सर्व डिजिटल साहित्यात हिचे स्थान वरचे आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा क्रमांकही तिच्याबरोबर पाठ करून घ्यावा.

‘फादर, एवढ्या लहान वयात हे कशाला?’ असा प्रश्न काही पालकांच्या मनात येईल. २००७ साली पौगंडावस्थेतील मुलांसाठीच्या शिक्षण कार्यक्रमावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले आणि राज्याने तो कार्यक्रम बंद ठेवला. तेव्हा आक्षेप घेणाऱ्यांमध्ये सर्व धर्मांचे लोक होते. त्यांची काळजी खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही, काही साहित्य खरोखरच वयाला अनुचित असू शकते. परंतु पवित्र सभेची शिकवण मौनाची नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ख्रिस्ती शिक्षणावरील जाहीरनाम्यात, मुलांना त्यांच्या वाढत्या वयानुसार लैंगिकतेविषयी सुजाण व सकारात्मक शिक्षण मिळावे असे म्हटले. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबविषयक प्रेरितिक बोधपत्रात या गरजेवर स्वतंत्र प्रकरणभाग लिहिला. पाच वर्षांच्या मुलाला प्रजनन समजावून सांगा असे कोणी म्हणत नाही. आंघोळ घालताना नाक, कान, कोपर, गुडघा यांची नावे आई जशी सांगते, तशीच शिश्न, योनी, गुदद्वार ही नावेही त्याच सुरात सांगावीत. हे अवयव झाकायचे असतात, कारण ते मौल्यवान व खासगी आहेत. आई-वडिलांनी आंघोळ घालताना आणि डॉक्टरांनी आई-वडिलांसमक्ष तपासताना सोडून तेथे कोणी हात लावायचा नाही, आणि लावला तर लगेच सांगायचे. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही. पण शब्द ओठांवर येत नसेल तर सॉफ्टवेअरचा आधार घेण्यासही हरकत नाही. चित्रफितीत तो शब्द कोणी तिसऱ्याने उच्चारला की आईला पुढे बोलणे सोपे जाते.

वेळेविषयीही दोन शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला एका तासाहून अधिक नको, कमी असल्यास अधिक चांगले. मूल जेवत नाही म्हणून पुढे मोबाइल धरायचा आणि त्यात ‘पोटात अन्न कसे पचते’ हे दाखवायचे, हा प्रकार आम्ही पुष्कळ घरांत पाहतो. भूक लागल्याची आणि पोट भरल्याची जाणीव हाच शरीराचा पहिला धडा. पडद्याकडे पाहत घास गिळणाऱ्या मुलाचा नेमका तोच बुडतो.

शाळेच्या बाजूने पाहता, वरंध परिसरातील वा अशाच कोणत्याही दुर्गम शाळेतील शिक्षकाने काय करावे? २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा राज्यात मुलांपर्यंत पोहोचण्यासाठी नाना मार्ग काढले गेले. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील धडे मुलांनी घरी करून पाहण्याच्या कृतींच्या रूपात त्यात दाखवले जात. तिला इंटरनेट लागत नव्हते, हा तिचा मोठा गुण. पुढच्याच वर्षी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे दगावली आणि महाड शहर पुरात बुडाले. वीज गेली, फोन बंद पडले. प्राथमिक शाळा त्या वेळी बंदच होत्या आणि शिक्षण मोबाइलवर होते. तो मोबाइलही मुका झाला. या मुलखात जे काही शिकवायचे ते वीज नसतानाही शिकवता आले पाहिजे, हे त्या जुलैने दाखवून दिले. म्हणून शिक्षकाने एकदा महाडला किंवा बिरवाडीला रेंज मिळेल तेथे चांगल्या चित्रफिती उतरवून घ्याव्यात आणि वर्गात एकाच मोबाइलवर सर्वांना मिळून दाखवाव्यात. चार इयत्ता एकत्र बसतात ही येथे अडचण नसून सोय आहे. चौथीची मुलगी पहिलीतल्या भावाला नाडी कोठे लागते ते दाखवते आणि दाखवता दाखवता स्वतः शिकते. चित्रफीत मध्येच थांबवावी, पुढे काय होईल ते विचारावे, मग मुलांकडून मातीत वा फरशीवर खडूने शरीराची बाह्यरेखा काढून घ्यावी. एक मूल झोपते, दुसरे भोवती रेघ ओढते. नंतर सर्वांनी मिळून आत अवयव भरायचे, हृदय मुठीएवढे, आणि एकाला दुसरा जोडलेला. चित्र चुकले तर पुन्हा चित्रफीत पाहायची.

आरोग्य केंद्रातील परिचारिका, आशाताई किंवा धर्मग्रामाच्या दवाखान्यातील धर्मभगिनी यांना वर्षातून एखाद्या दिवशी वर्गात बोलावले तर मुलांच्या प्रश्नांना खरी उत्तरे मिळतील. विंचू चावल्यावर काय होते, कोणती लक्षणे लगेच सांगायची आणि कोणत्या दवाखान्यात धावायचे, हे त्यांनीच सांगावे. पावसाळ्याच्या तोंडावर, भातलावणीपूर्वी सांगितले तर उत्तम.